गेम पुसून टाका, हे सांगणं सोपं आहे

प्रश्न : काका, नमस्कार. मी मानवत तालुक्यातल्या एका खेड्यातली, परभणीत एका पतसंस्थेत नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाला प्लेस्टेशन 5, म्हणजे टीव्हीला लावून गेम खेळायचा कन्सोल, घेऊन दिला. तो शेती बघतो, संध्याकाळी तास-दोन तास खेळतो, त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नाही. पण आता त्यातली जागा भरली आहे. खोक्यावर 825 जीबी लिहिलंय, आत 667 च दिसतात. गावात वायफाय नाही. नवा गेम घ्यायचा म्हणजे तो कन्सोल गोधडीत गुंडाळून एसटीने माझ्या खोलीवर आणतो, रात्रभर लावून ठेवतो आणि सकाळच्या गाडीने परत नेतो. दुकानदार आत बसवायच्या 1 टीबी (म्हणजे 1,000 जीबी) एसएसडीचे 9,800 आणि 2 टीबीचे 17,500 सांगतोय. बाहेरून लावायची साधी 1 टीबीची हार्ड डिस्क 5,200 ला आहे. भावाला मोबाइलवर 2 टीबीची 'एक्स्टर्नल एसएसडी' 1,199 ला दिसली. ती मागवू का? ऑफिसातले म्हणतात, जुने गेम पुसा, पैसे कशाला घालता. (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, आधी 1,199 च्या वस्तूबद्दल. ती मागवू नका. भावाने मागवली असेल तर आजच्या आज रद्द करायला सांगा.

2021 च्या दिवाळीत मी स्वतः अशी एक डिस्क घेतली होती. लातुरात कॉम्प्युटर आणि गेमच्या मशिनी दुरुस्त करून मला 22 वर्षं झाली, तरी घेतली. कॉम्प्युटरला लावली तेव्हा 2 टीबी बरोबर दिसले. पुतणीच्या साखरपुड्याचे फोटो आणि व्हिडिओ त्यात टाकले. महिन्याने उघडायला गेलो तर फोटोंची नावं सगळी जागेवर, पण उघडेना एकही. मग तिचं झाकण उचकटलं. आत नखाएवढं 64 जीबीचं मेमरी कार्ड डिंकाने चिकटवलेलं, आणि हाताला वजन लागावं म्हणून लोखंडाची एक पट्टी. त्या कार्डाला 'मी 2 टीबी आहे' असं खोटं सांगायला शिकवलेलं असतं. 64 जीबी भरले की ते नवीन माहिती जुन्याच माहितीवर लिहीत जातं आणि तक्रार काही करत नाही. साखरपुड्याचे ते फोटो पुन्हा मिळाले नाहीत. म्हणून इतकं ठासून सांगतोय. 2 टीबीची खरी एसएसडी 1,199 रुपयांत कुणालाच परवडत नाही. कुठलीही डिस्क ऑनलाइन घेतली तर परत करायची मुदत संपायच्या आत कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने ती काठोकाठ भरून, परत वाचून बघा. त्यात खोटं लगेच उघडं पडतं. वेळ लागतो, पण रात्री लावून ठेवायचं.

825 आणि 667 मध्ये तुम्हाला कुणी फसवलेलं नाही. मधली जागा मशीन चालवणाऱ्या सिस्टीमला राखीव असते. पुढे एसएसडी बसवलीत तर त्या नव्या जागेत सिस्टीम जात नाही, ती आपल्या जुन्याच जागी राहते. म्हणजे 1 टीबी घेतली की जवळपास सगळीच गेमला मिळते.

आता ऑफिसातल्या सल्ल्याबद्दल. ज्याच्या घरात फायबरची वायर आलेली आहे त्याच्यासाठी तो सल्ला ठीक आहे. 100 जीबीचा गेम पुसला, परत हवासा वाटला, तर 40 एमबीपीएसच्या लाइनवर साडेपाच तासांत परत येतो. तुमच्या भावाचं तसं नाही. दिवसाला 2 जीबीच्या पॅकवर तोच गेम आणायला 50 दिवसांचा डेटा लागेल, किंवा गोधडी आणि एसटी. त्याने पुसलेल्या प्रत्येक गेमची किंमत एक रात्र, दोन तिकिटं आणि कन्सोलला रस्त्यातल्या खड्ड्यांचे धक्के, इतकी आहे. जागा वाढवायचा खर्च महाग की स्वस्त, हे घरातली लाइन बघून ठरतं. आपल्याकडच्या खेड्यांत तो खर्च शहरापेक्षा जास्त सार्थकी लागतो असं माझं ठाम मत आहे, आणि म्हणूनच तुमचं पत्र मी आधी घेतलं.

तरी एक प्रकारचे गेम पुसायला हरकत नाही: डिस्कवाले, म्हणजे सीडीसारख्या चकतीवर विकत घेतलेले. तुम्ही दोन वर्षांपूर्वी घेतलेला कन्सोल डिस्क घालायच्या खाचेचा असेल, तर भावाकडे दोन-चार गेमच्या डिस्क असतीलच. डिस्क घातली तरी गेम आतल्या एसएसडीवर उतरवावाच लागतो, त्याशिवाय तो चालत नाही, म्हणून तोही तेवढीच जागा खातो. पण पुसला तर डिस्कवरून परत भरता येतो, नंतर आलेले अपडेट तेवढे उतरवावे लागतात. मोबाइलच्या डेटाने किंवा तुमच्याकडे रात्रभर लावून घेतलेले गेम मात्र पुसू नका. आणि भावाला सांगा, गेम पुसला म्हणून त्यात पुढे गेलेला खेळ पुसला जात नाही. सेव्ह वेगळा राहतो. पोरं याच भीतीने न खेळलेले गेमही धरून बसतात.

हार्ड डिस्क की एसएसडी? फरक एका वाक्यात सांगतो: यूएसबीला लावलेल्या डिस्कवर प्लेस्टेशन 5 चा गेम ठेवता येतो, पण तिथून खेळता येत नाही. धान्य कोठीत ठेवल्यासारखं आहे, रांधायचं तर चुलीपाशी आणावंच लागतं. खेळायचा असेल तेव्हा गेम परत आत घ्यायचा. साधी हार्ड डिस्क सेकंदाला 100 एमबीच्या आसपास वाचते, म्हणजे 100 जीबीचा गेम हिशोबाने 17 मिनिटांत आत येतो. प्रत्यक्षात थोडं जास्त धरा. तेवढ्यात चहा होतो. प्लेस्टेशन 4 चे जुने गेम असतील तर ते थेट त्या डिस्कवरूनच चालतात, हा वरचा फायदा. डिस्क किमान 250 जीबीची हवी, यूएसबी 3 ची हवी आणि मधे हब (एका यूएसबीचे अनेक फाटे करणारा डबा) न लावता सरळ कन्सोलला लावायची.

आत बसवायच्या एसएसडीवरून मात्र गेम थेट चालतो, आतल्यासारखाच. 2020 मध्ये कन्सोल आला तेव्हा एसएसडीची खाच आत होती पण बंद होती, सप्टेंबर 2021 च्या अपडेटने कंपनीने ती सगळ्यांना खुली केली. खाच ग्राहकासाठीच ठेवलेली आहे, त्यामुळे झाकण काढायला घाबरायचं कारण नाही.

तुमच्या भावाला मी आधी 5,200 ची हार्ड डिस्क घ्यायला सांगेन. तो एका वेळी दोन-तीन गेमच खेळत असणार, बाकीचे नुसते सांभाळायचे आहेत. सांभाळायला 9,800 घालू नका. पुढे कधी 'रोज आत-बाहेर करून कंटाळलो' असं तो स्वतः म्हणाला, तर एसएसडी घ्या, 1 टीबीचीच. 2 टीबीचा भाव दर जीबीला पावणेनऊ रुपये पडतो आणि 1 टीबीचा नऊ रुपये ऐंशी पैसे. एवढ्या फरकासाठी 7,700 रुपये जास्त अडकवण्यात मला अर्थ दिसत नाही. 667 आणि 1,000 मिळून 100 जीबीचे सोळा गेम मावतात.

एसएसडी घ्याल तेव्हा दुकानात हे विचारा. एम डॉट टू (पट्टीसारखा आकार), एनव्हीएमई (जोडणीचा प्रकार), जेन फोर (चौथी पिढी), वाचायचा वेग सेकंदाला 5,500 एमबी किंवा त्याहून जास्त. दिसायला अगदी सारखी, पण साटा प्रकारची (जुन्या जोडणीची) किंवा जेन थ्री एसएसडीही मिळते, ती या कन्सोलला चालत नाही. स्वस्तात सांगितली तर बहुतेक तीच असते. लांबी 2280, म्हणजे 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब, ही सहज मिळते. हिटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) हवाच, आणि हिटसिंकसकट एकूण उंची 11.25 मिलिमीटरच्या आत हवी, नाहीतर झाकण बसत नाही. चांगल्या कंपन्या 5 वर्षांची वॉरंटी देतात. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, 'बिलाशिवाय तीनशे कमी करतो' याला भुलू नका. ते तीनशे वॉरंटीच्या वेळी हजारोंनी जातात.

बसवणं भावाला जमेल. वायर काढून कन्सोल गार होऊ द्यायचा. खाचेच्या झाकणाला एक स्क्रू असतो, साध्या चौफुल्या स्क्रू ड्रायव्हरने निघतो. आत 30, 42, 60, 80, 110 असे आकडे दिसतील आणि एका आकड्यापाशी छोटा स्क्रू आणि त्याखाली चकतीसारखा स्पेसर असेल. तो स्पेसर काढून 80 वर ठेवायचा, एसएसडी तिरकी धरून खाचेत सरकवायची, खाली दाबायची आणि स्क्रू हलक्या हाताने आवळायचा. हिटसिंक वेगळा घेतला असेल तर त्याच्या मऊ पट्टीवरचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद आधी सोलून काढायचा. माझ्या टेबलावर 'एसएसडी फार तापते' म्हणून आलेल्या मशिनीत हा कागद तसाच असल्याचं मी स्वतः तीनदा पाहिलंय. कन्सोल चालू केला की तो स्वतःच फॉरमॅट करू का विचारतो.

आणखी एक, ताई, जे तुम्ही विचारलेलं नाही. या कन्सोलसाठी कंपनीने सांगितलेलं तापमान 5 ते 35 अंश आहे. आपला मे महिना 42-43 चा. उन्हाळ्यात दुपारी तो लावूच नये, संध्याकाळी खोली निवल्यावर खेळावं. आणि मानवतकडची घरं मला माहीत आहेत. वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातल्याच एका खोलीत रचून ठेवतात. त्या खोलीत कन्सोल नको. कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीत असे बसतात की चिमट्याने एकेक ओढून काढावे लागतात, आणि आतली हवा कोंडली की मशीन तापते. गेम इकडून तिकडे हलवताना लाइट जाऊ नये हेही बघा. घरी इन्व्हर्टर असेल तर कन्सोल त्यावर घ्या, नसेल तर ज्या वेळेला लाइट टिकते त्या वेळेलाच हलवाहलवी करा.

प्रश्न : माझ्याकडे एक्सबॉक्स सिरीज एस आहे, 512 जीबीचा. वरच्यासारखी कुठलीही एसएसडी बसते का? जागा वाढवायच्या कार्डाचा भाव ऐकून घाबरलो. (जालना)

उत्तर : नाही बसत, आणि तुमचं घाबरणं योग्य आहे. तुमच्या मशिनीत वापरायला 364 जीबीच मिळतात आणि वाढवायला मागच्या खाचेत त्या मशिनीसाठीच बनवलेलं कार्ड लागतं. 2020 मध्ये अमेरिकेत 1 टीबीच्या कार्डाची किंमत 219.99 डॉलर होती आणि अख्खा सिरीज एस 299.99 डॉलरला. बनवणारी कंपनी एकच होती, म्हणून भाव तिच्या हातात होता. 2023 मध्ये दुसऱ्या कंपनीचं कार्ड आलं तेव्हा भाव 149.99 वर उतरला. प्लेस्टेशन 5 ची खाच कुणाच्याही एसएसडीला खुली आहे, दहा कंपन्या एकमेकींशी भांडतात आणि फायदा आपला होतो. मशीन घेतानाच हे बघायला हवं, पण दुकानात कुणी सांगत नाही.

तुम्ही कार्ड आत्ता घेऊ नका. यूएसबी 3 ची साधी हार्ड डिस्क लावा. एक्सबॉक्स वन आणि 360 या जुन्या मशिनींचे गेम तिच्यावरूनच चालतात, ते सगळे तिकडे हलवा. आतली जागा फक्त सिरीज एससाठी बनवलेल्या नव्या गेमना ठेवा. एवढं केल्यावरही जागा पुरत नसेल तरच कार्डाचा विचार करा.

प्रश्न : प्लेस्टेशन 4, 500 जीबी. घरात बंद पडलेल्या लॅपटॉपची 1 टीबी हार्ड डिस्क पडून आहे. चालेल का? (उदगीर)

उत्तर : चालेल. अडीच इंची साटा आणि जाडी 9.5 मिलिमीटरपर्यंत असेल तर आत बसेल. लॅपटॉप कशामुळे बंद पडला ते आधी बघा, डिस्कच गेली असेल तर उपयोग नाही. कॉम्प्युटरला लावून एकदा तपासून घ्या. मग सेव्ह पेन ड्राइव्हवर काढा, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कंपनीच्या साइटवरून सिस्टीमची पूर्ण फाइल घ्या (अपडेटची लहान फाइल नव्हे, ती चालत नाही), डिस्क बदला आणि सेफ मोडमध्ये (दुरुस्तीसाठी मशीन चालू करायची पद्धत) ती फाइल भरा. मशीन उघडायचंच नसेल तर दोनशे-तीनशे रुपयांच्या यूएसबी 3 च्या केसमध्ये तीच डिस्क घालून बाहेरून लावा. मार्च 2017 च्या अपडेटपासून हे चालतं आणि प्लेस्टेशन 4 चे गेम त्यावरून खेळताही येतात. लॅपटॉपच्या डिस्कवर घरच्यांचे फोटो असतील तर फॉरमॅट करायच्या आधी ते दुसरीकडे काढून घ्या.