कांडी पहाटे भरते की उजाडताच?

सांगलीच्या विश्रामबागेत कॉलेजातली काही मुलंमुली रविवारी फासे घेऊन बसतात आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पित पात्रं वठवत खेळायचा खेळ मराठीतून खेळतात. नियमांचे तक्ते त्यांनी स्वतःच मराठीत उतरवलेत. कौतुक आहेच. पण त्या तक्त्यातल्या एका शब्दावरून त्यांचं जोरदार भांडण झालं आणि निवाड्यासाठी पत्र माझ्याकडे आलं.

भांडण असं. पत्र लिहिणाऱ्याच्या जादूगाराकडे अग्निगोळ्यांची कांडी आहे. पूर्ण भरलेल्या कांडीत ७ चार्ज, म्हणजे सात वेळा वापरण्याइतकी जादू, असते आणि किमान एक खर्चला की अग्निगोळा सुटतो. खर्च झालेल्यांपैकी काही चार्ज रोज परत येतात: सहा बाजूंचा फासा टाकायचा, पडेल त्यात १ मिळवायचा. शेवटचा चार्ज उडवला तर मात्र वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि त्यावर १ पडला की कांडीची राख. यांच्या तळावर पहारा चालू असताना, खेळातल्या घड्याळात चार वाजता, शत्रू चालून आला. कांडीत एकच चार्ज उरलेला. हा म्हणाला, ‘तक्त्यात ‘दररोज पहाटे’ लिहिलंय, चार वाजले, कांडी भरली.’ डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार, म्हणाला, ‘अजून मिट्ट काळोख आहे, एकच चार्ज.’ तो एक उडवला, फासा टाकला, १ पडला. राख. कांडी भरली असती तर किमान २ चार्ज जास्त असते, उडवलेला चार्ज शेवटचा ठरला नसता आणि तो फासा टाकायची वेळच आली नसती. म्हणून प्रश्न: पहाट नक्की किती वाजता होते? नियमात ‘पहाटे’ हा शब्द बरोबर आहे का? आणि जाता जाता, ‘चार्ज’ला ‘भार’ म्हणावं का?

पहाट म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावं लागू नये. पण लागतं, कारण या शब्दाचे आपण हाल केलेत. ‘पहाटे दीडच्या सुमारास ट्रकची धडक’ असं रोज छापून येतं. दीड वाजता कसली पहाट? ती उत्तररात्र. ‘रात्री दीड’ म्हटलं तरी चालेल, कोणी दंड करणार नाही. दुसऱ्या टोकाला २३ नोव्हेंबर २०१९ चा राजभवनातला शपथविधी. तो झाला सकाळी आठच्या सुमारास, उन्हं चांगली वर आल्यावर, आणि अख्खा महाराष्ट्र त्याला आजतागायत ‘पहाटेचा शपथविधी’ म्हणतो. म्हणजे आपल्याकडे पहाट दीडला सुरू होते आणि आठपर्यंत चालते. अशा राज्यात एखाद्या जादूगाराने चार वाजता कांडी भरली म्हणून हट्ट धरला तर त्या पोराला एकट्याला दोष कसा द्यायचा?

आता उत्तर. चार वाजता पहाट असते. साताऱ्यात, सांगलीत, कुठल्याही गावात विचारा. पण म्हणून पोरगा जिंकला असं नाही. पहाट हा क्षण नाही, तो पट्टा आहे. ‘पहाटे दूध येतं’ या वाक्याचा अर्थ पहाट लागल्याच्या पहिल्या मिनिटाला दूध दारात येतं असा कोणी करत नाही. त्या पट्ट्यात कधीतरी येतं, एवढंच. तेव्हा तक्त्यातला शब्द जसाच्या तसा धरला तरी चारला कांडी भरलेलीच असली पाहिजे हे सिद्ध होत नाही. इतकंच सिद्ध होतं की तक्ता लिहिणाऱ्याने जिथे टोक हवं होतं तिथे पट्टा ठेवला.

मूळ इंग्रजी नियमात ‘डॉन’ आहे. (मुंबईतला नव्हे.) तो शब्द ‘डे’चा सख्खा भाऊबंद, जुन्या इंग्रजीतल्या ‘दिवस होणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. नियमात तो घटना म्हणून येतो: रात्र संपली, दिवस झाला, चार्ज परत आले. या घटनेला मराठीत चोख शब्द आहे, उजाडणे. ‘दररोज उजाडताच’ एवढं लिहा, भांडण मिटलं.

खरी गंमत मात्र पहाट या शब्दाच्या शेवटच्या अक्षरात आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही.

सगळे सांगतात, प्रभात वरून पहाट. ‘प्र’चा प झाला, ‘भ’चा ह झाला, इथवर कोणाची तक्रार नाही. पण ट कुठून आला? दोन स्वरांमध्ये सापडलेला एकटा त प्राकृतात बहुधा विरघळतो. मातेची माय झाली, घाताचा घाव झाला. त्या वाटेने प्रभातचं ‘पहाअ’ होतं आणि तिथेच थांबतं. कोणी म्हणेल, त कधीकधी मूर्धन्य, म्हणजे ट-ड च्या वर्गातला, होतो. होतो ना. पतनातलं ‘पत्’ आपल्याकडे ‘पडणे’ झालं, प्रतिपदेचा पाडवा झाला. पण बघा, तिथे ड आला, ट नाही. प्रभात त्या रस्त्याने गेली असती तर तिचा ‘पहाड’ झाला असता.

मराठीत स्वरांमधला एकटा ट टिकतच नाही. वटाचा वड होतो, घोटकाचा घोडा, कटूचं कडू. ट टिकलेला दिसला की समजावं, प्राकृतात तो जोडीने उभा होता. पट्टाचा पाट, हट्टाचा हाट, वर्त्माचं आधी वट्ट आणि मग वाट. तेव्हा ज्यांना पहाटेचा ट त्या एकट्या त मधून काढायचा आहे त्यांनी आधी हा ट्ट दाखवावा. कोशात प्रभात लिहून पुढच्या शब्दाकडे वळणं ही व्युत्पत्ती नव्हे, ती टाळाटाळ आहे.

माझं मत, जे कुठल्याही कोशात नाही आणि ज्यावरून साताऱ्यातल्या एका संस्कृतप्रेमी स्नेह्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलंय, ते असं: प्रभा अधिक वर्त्म. प्रकाशाची वाट. प्रभावर्त्म, पहावट्ट, पहाट. मधला व आ आणि अ यांच्या चेपात गेला. ट्ट आपोआप मिळतो, ट का टिकला ते कळतं, आणि अर्थही नेमका बसतो: उजेड अजून आलेला नाही, यायच्या वाटेवर आहे. स्नेही म्हणतात, ‘असा समास कुठल्या ग्रंथात दाखवा.’ मी म्हणतो, ‘तुम्ही तो ट दाखवा.’ ही चर्चा गेल्या दिवाळीपासून याच मुक्कामी आहे.

दुसरी एक व्युत्पत्ती फार फिरते आणि ती मला अजिबात सहन होत नाही: ‘जेव्हा पाहता येऊ लागतं ती पहाट.’ छान वाटतं, व्याख्यानात टाळी मिळते, आणि चूक आहे. आपल्याकडे पाहणे ही दोन क्रियापदं होती. बघणे या अर्थाचं पाहणे संस्कृतातल्या पश्यतीच्या कुळातलं, मधल्या टप्प्यावर ‘पासइ’. आणि जुन्या मराठीत दुसरं एक पाहणे होतं, उजाडणे या अर्थाचं, ‘प्रभा’च्या कुळातलं. रात्र ‘पाहते’ म्हणजे रात्र काही बघत नाही, ती उजाडते. दोन वेगळ्या कुळांतले शब्द झिजून झिजून एकाच रूपाला आले आणि मग एकाने दुसऱ्याला गिळलं. आज उजाडण्याचं पाहणे कोणाच्या तोंडी नाही. पहाटेशी नातं आहे ते त्या गेलेल्या पाहण्याचं. डोळ्यांच्या पाहण्याचा इथे काही संबंध नाही. पाहुण्याचा तर मुळीच नाही, तो प्राघूर्णक वरून आला, आणि तो पहाटेच्या गाडीने आला तरीही.

तिसरी मखलाशी खास आपल्याकडची. खेड्यांत ‘फाटंचं उठलो’ म्हणतात. त्यावरून एका सद्गृहस्थांनी मला ऐकवलं की अंधार फाटतो म्हणून फाट. अहो, प आणि ह जवळ आले आणि त्यांचा फ झाला, एवढीच ती कथा. महिषीतला ह असाच आधीच्या म ला चिकटला आणि म्हैस झाली. म्हशीत कोणी काव्य शोधत नाही, मग फाटंत का शोधता?

बोलीचा विषय निघालाच आहे तर हे लक्षात घ्या की कृष्णाकाठच्या माणसाला ‘पहाट’ या एका शब्दावर कधीच भागवावं लागलं नाही. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजून परतणारा माणूस वेळ कशी सांगतो ते ऐका. झुंजुरकं झालं, म्हणजे अंधार आणि उजेड यांची ओळख पटेनाशी झाली. तांबडं फुटलं, म्हणजे पूर्वेला रंग आला. फटफटलं, म्हणजे माणसाचा चेहरा ओळखू येऊ लागला. मग दिस उगवला. यातलं फटफटणं हेच आपलं उजाडणं. हे शब्द जागच्या जागी वापरले तर घड्याळाची गरजच नाही, आणि खेळातल्या जंगलात तरी घड्याळ कोणी लावलं होतं?

वर उल्लेखलेल्या स्नेह्यांनी तुमच्या प्रश्नावरही मत दिलं. ‘उषःकाली लिहा, आणि उषःकाल म्हणजे ब्राह्ममुहूर्त, तेव्हा मुलगा बरोबर.’ उषस् हा शब्द मलाही प्रिय आहे, तो प्रकाशणे या अर्थाच्या ‘वस्’ धातूचा, वासर म्हणजे दिवस हा त्याच घरचा, आणि लॅटिन अरोरा त्याची दूरची बहीण. पण हिशोब करा. मुहूर्त ४८ मिनिटांचा. ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाआधीचा शेवटून दुसरा, तेव्हा तो सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी लागतो. धर्मशास्त्रातला अरुणोदयही तिथूनच, चार घटका आधीपासून. सांगलीत सूर्य अगदी लवकर उगवला तरी सहाच्या आसपास. म्हणजे ऐन उन्हाळ्यातसुद्धा ब्राह्ममुहूर्त साडेचारच्या जवळपास लागणार. चारला नाही. शिवाय हाही पुन्हा पट्टाच. स्नेह्यांनी मुलाला सोडवायला जाऊन त्याला आणखी अर्धा तास मागे ढकललं. तुमच्या त्या कल्पित राज्याचं पंचांग वेगळं असेल तर ते सूत्रधाराने आधी जाहीर करावं.

उजाडणं म्हणजे तरी नक्की कधी, असा फाटा तुमच्यातला कोणीतरी फोडणारच. आपल्या अक्षांशावर सूर्य उगवण्याआधी जेमतेम २२ ते २४ मिनिटं बाहेर दिव्याशिवाय वावरण्याइतका उजेड असतो. तिथे उजाडलं म्हणा किंवा सूर्यबिंब दिसल्यावर म्हणा, पण एकदा ठरवा आणि तक्त्यात लिहून ठेवा. माझा कौल उजेडाला. सूर्यबिंब धरलं तर डोंगराच्या सावलीत तळ ठोकलेल्यांची कांडी उशिरा भरणार का, म्हणून नवं भांडण. अजिंक्यताऱ्याच्या पश्चिम पायथ्याला राहणाऱ्यांना विचारा, उजाडतं केव्हा आणि ऊन अंगणात येतं केव्हा.

तळघरात असलो तर, असंही पत्रात एका ओळीत विचारलंय. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. बाहेर उजाडलं की आत कांडी भरते, तुम्हाला दिसो न दिसो. जिथे मुळात सूर्यच नाही अशा एखाद्या परलोकात गेलात तर केव्हा भरायची ते सूत्रधार ठरवेल.

आणि झोपेची गल्लत करू नका. तुमच्या तक्त्यात कोणीतरी पेन्सिलने ‘विश्रांतीनंतर’ असं जोडलंय, ते खोडा. जादूगाराचे स्वतःचे मंत्र आठ तासांच्या पूर्ण विश्रांतीने परत येतात. कांडीचे चार्ज उजाडल्यावर येतात. दुपारी जेवून आठ तास घोरलात तर मंत्र मिळतील, कांडी तशीच राहील. उलट रात्रभर जागून पहारा केलात तर कांडी भरेल आणि तुम्ही रिकामे राहाल. दोन्ही वाक्यांत ‘सकाळी’ लिहून मोकळं होणाऱ्यांमुळेच हे घोळ होतात.

तेव्हा निवाडा: सूत्रधार बरोबर, तक्ता चूक, कांडीची राख कायम. तक्ता ज्याने लिहिला त्याने जादूगाराला पुढच्या खजिन्यात एखादी कांडी काढून द्यावी, कारण शब्द त्याचा होता.

‘चार्ज’ला भार म्हणू नका. भार म्हटलं की कांडी किती किलोची असं कोणीतरी विचारेल. बंदुकीत बार भरतात, तो ‘बार’ घ्या: कांडीत सात बार, एक बार उडवला. नाहीतर सरळ चार्ज म्हणा. मोबाइलच्या कृपेने तो शब्द आता तुमच्या आजीलाही कळतो.