मटारच्या शेंड्यांवर हिरवे किडे

प्रश्न: ताई, गच्चीत कुंड्यांमध्ये मटार लावलाय, फुलं आलीत पण शेंड्यांवर बारीक हिरवे किडे बसलेत नि पानं चिकट झालीत. काय मारू?

उत्तर: अगं हा मावा, कोवळ्या शेंड्यातला रस शोषतो. आधी पानांच्या खालून पाण्याचा जोरात फवारा मार, बराचसा तिथेच गळून पडतो, मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं लिक्विड सोप नीट ढवळून संध्याकाळी फवार, आठवड्याने परत. लाल, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर मात्र प्लीज थांब, ते नि त्यांची पिल्लं मावाच खातात! युरिया बंद कर, त्याने मावा वाढतो. शेंगेला भोक दिसलं तर आत अळी असणार, ती शेंग लगेच तोडून टाक.