नवी स्पोर्ट्स कार कर्जावर घेताना महिन्याचा हप्ता किती ठेवावा?

हप्ता परवडतो का, एवढंच बघू नका. गाडी परवडते का ते बघा. शोरूममध्ये हप्ता कमी दिसावा म्हणून मुदत वाढवून देतात. 1 लाखाचं कर्ज 9 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 2,076 बसतो, 7 वर्षांसाठी 1,609. हलका वाटतो, पण एकूण व्याज सुमारे 24,500 वरून 35,100 वर जातं. शिवाय गाडीची किंमत झपाट्याने उतरते. मध्येच विकायची वेळ आली तर आलेल्या पैशांत कर्जही फिटेलच असं नाही. म्हणून डाउन पेमेंट जमेल तितकं जास्त भरा.

विम्याचं कोटेशन बुकिंगच्या आधीच घ्या, स्पोर्ट्स कारचा प्रीमियम बहुधा चढाच असतो. टायरचंही विचारा. पुष्कळ मॉडेलांत पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे अदलाबदल करून आयुष्य वाढवता येत नाही, आणि मऊ रबर लवकर झिजतं.

माझा आग्रह एकच: हप्ता, विमा, इंधन, देखभाल यांची महिन्याची बेरीज करा आणि तेवढी रक्कम आधी सहा महिने वेगळ्या खात्यात टाकून बघा. ओढाताण झाली नाही तर खुशाल घ्या. साठलेले पैसे डाउन पेमेंटला येतीलच.