'टेंटेड लव्ह' मूळ कुणाचं?

प्रश्न : सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडीचं 'टेंटेड लव्ह' हे मुळात दुसऱ्याच गायिकेचं गाणं, असं ऐकलं. खरं का?

उत्तर : अगदी खरं. एड कॉबनं लिहिलेलं हे गाणं अमेरिकेत ग्लोरिया जोन्सनं गायलं. १९६५ साली ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला जगवलं ते उत्तर इंग्लंडच्या नाचघरांनी. न खपलेल्या अमेरिकी सोल (कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण गायकीच्या) रेकॉर्ड हुडकून आणायचं तिथल्या डीजेंना वेडच होतं. त्या माणसांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच!

सॉफ्ट सेलनं १९८१ मध्ये ते उचललं, लय उतरवली, ब्रास (पितळी फुंकवाद्यं) काढून सिंथेसायझर आणला. गाण्यातली ग्लोरिया संतापून निघून जाते. सॉफ्ट सेलचा गायक मार्क आमंड मात्र थकून, मागे वळून पाहत जातो. शब्द तेच, माणूस वेगळा. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेच्या 'हॉट १००' या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४३ आठवडे राहिलं. रिहानाच्या २००६ मधल्या 'एसओएस'मध्येही तीच धून आहे.

मला विचाराल तर ग्लोरियाचंच सरस. आधी ते ऐका, जरा मोठ्या आवाजात.