अर्धांगवायूनंतर बाबांना एकट्याने गोदाघाटावर फिरायला पाठवावं का?

इतक्यात नको. बाबा ७२ वर्षांचे आहेत आणि घरात काठीशिवाय चालतात असं तुम्ही लिहिलंय, पण घरातली फरशी वेगळी आणि रामकुंडाजवळच्या ओल्या दगडी पायऱ्या वेगळ्या. मी नाशिकमध्येच फिजिओथेरपिस्ट आहे, असे रुग्ण रोज पाहते. हात-पाय हलू लागले म्हणजे तोल परत आला असं नसतं. पाऊल पुरतं उचललं जात नाही, चपलेचं टोक अडकतं. बरेच जण वळताना किंवा चालता चालता कुणाशी बोलायला गेले की पडतात, तेही कमजोर बाजूवर. तिथलं हाड वापर कमी झाल्याने आधीच ठिसूळ झालेलं असतं, म्हणून खुब्याच्या फ्रॅक्चरची मला फार धास्ती वाटते.

घरी एक चाचणी करा, तुम्ही अगदी शेजारी राहून: खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १४ सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका मोठा समजा. मात्र वेळ कमी लागली, पण दाराची चौकट नेहमी एकाच खांद्याला लागते किंवा ताटातली एका बाजूची भाजी तशीच राहते, तर मेंदूचं त्या बाजूकडे लक्षच जात नसेल; या आकड्यावर विसंबू नका, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

तोवर गोल्फ क्लब मैदानाचा सपाट ट्रॅक बरा. मागे पट्टा असलेली सँडल, काठी चांगल्या हातात, आणि तुम्ही कमजोर बाजूला, किंचित मागे.