तो बॉलवर नुसता पडला का नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: "१७ ऑक्टोबर २०१५ च्या मिशिगन विरुद्ध मिशिगन स्टेट सामन्याची क्लिप पाहिली. १० सेकंद उरलेली, मिशिगन २ गुणांनी पुढे. पंटरच्या हातून बॉल निसटला, तर त्यानं बॉलवर नुसतं आडवं पडायचं होतं. एवढं साधं त्याला सुचू नये?"

त्या दिवशी मी अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या, त्या स्टेडियममध्ये होतो. मास्टर्स करत होतो, विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये उभा होतो आणि पुढचे कित्येक आठवडे हाच प्रश्न मीही दिसेल त्याला विचारत फिरलो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

हा दोन विद्यापीठांच्या संघांमधला अमेरिकन फुटबॉल, आपला पायानं खेळायचा नव्हे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर बॉल आहे तिथेच समोरच्यांच्या ताब्यात जातो. म्हणून चौथ्या प्रयत्नाला संघ बहुतेकदा बॉल लांब लाथाडून देतात, म्हणजे समोरच्यांना निदान दुरून सुरुवात करावी लागते. याला पंट म्हणतात आणि तो मारणाऱ्याला पंटर. रांगेतला एक जण पायांमधून बॉल मागे फेकतो, त्याला स्नॅप म्हणतात. पंटर साधारण १५ यार्ड मागे उभा असतो. बॉल त्याच्या हातात यायला पाऊण सेकंद लागतो आणि पायावरून सुटेपर्यंत एकूण दोनेक सेकंद. हे सगळं होताना ८-१० आडदांड पोरं त्याच्या अंगावर धावून येत असतात.

मिशिगनचा पंटर होता ब्लेक ओनील, मेलबर्नचा पोरगा. त्याच सामन्यात आधी त्यानं ८० यार्डांचा पंट मारला होता आणि आम्ही घसा बसेपर्यंत त्याच्या नावानं ओरडलो होतो. पुढे त्या पंटची आठवण कुणी काढली नाही.

स्कोअर २३-२१. मिशिगन स्टेट संपूर्ण सामन्यात एकदाही पुढे नव्हती. चौथा प्रयत्न, २ यार्ड हवे होते, घड्याळात १० सेकंद. माझ्या पुढच्या रांगेतल्या मुली पिशव्या आवरत होत्या. स्नॅप खाली आला. ओनीलच्या हातून बॉल निसटला, त्यानं तो उचलला, वळून लाथ मारायचा प्रयत्न केला, तेवढ्यात त्याला धडक बसली आणि बॉल उडून थेट जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात. तो ३८ यार्ड पळाला आणि गोलरेषेत पडला तेव्हा घड्याळात शून्य होतं. मिशिगन स्टेट २७, मिशिगन २३. एक लाखाहून जास्त माणसं एकाच वेळी गप्प झाली. आजवर मी तेवढं मोठं मौन ऐकलेलं नाही. कोपऱ्यातल्या मिशिगन स्टेटच्या हिरव्या टोप्या तेवढ्या नाचत होत्या.

आता माझं सांगतो. घरी परतताना मी छातीठोकपणे सांगत होतो, "मी ओरडलो होतो ना, पड, पड म्हणून! मला बसल्याजागी कळलं, त्याला कळू नये?" माझा रूममेट नागपूरचा, त्याला सगळं फोनवर टिपायची खोड. शेवटची दहा सेकंदं तो जिंकण्याचा जल्लोष टिपायला म्हणून रेकॉर्ड करत होता. रात्री मॅगी खाता खाता आम्ही तो व्हिडिओ लावला. बॉल निसटतो तिथे माझा आवाज नाही. ओनील तो उचलतो तिथेही नाही. लाथ मारायला वळतो तिथे फक्त कुणाचं तरी "ओह नो" ऐकू येतं. मिशिगन स्टेटचा पोरगा बॉल काखेत मारून चांगला दहा-पंधरा यार्ड पळालेला असताना माझा आवाज येतो: "अरे पड ना, पड!" रूममेटनं तो तुकडा तीनदा लावला. तिसऱ्यांदा मी उठून भांडी घासायला गेलो.

म्हणजे अंगावर कुणी धावून येत नसताना, हातात गरम कॉफीचा कप घेऊन, वरून अख्खं मैदान दिसत असताना मला ते सुचायला तीन-चार सेकंद लागले. त्याच्याकडे एकसुद्धा नव्हता. शिवाय माझ्या डोक्यानं त्या आवाजाची जागा परस्पर बदलून टाकली होती. खोटं बोलतोय असं मला कणभरही वाटत नव्हतं.

याचा अभ्यास झालेला आहे. बारूख फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७५ साली विद्यार्थ्यांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाचा उतारा वाचायला दिला आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट सांगितला. कुणाला इंग्रज जिंकले, कुणाला गुरखे जिंकले, कुणाला बरोबरीत सुटलं. मग विचारलं, की शेवट माहीत नसता तर कोणता शेवट किती शक्य वाटला असता? ज्या गटाला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच "आधीपासून दिसत" होता. आपल्याकडे याला बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. फरक एवढाच, की इथे झोपा करणाऱ्याला तो आपण आदल्या दिवशीच बांधला होता असं मनापासून वाटतं.

आता तुमच्या "नुसतं पडायचं होतं"कडे येतो. पडला असता तर बॉल तिथेच, म्हणजे मिशिगनच्या गोलरेषेपासून साधारण ३८ यार्डांवर, मिशिगन स्टेटला मिळाला असता आणि घड्याळात काही सेकंद उरली असती. गोलपोस्ट गोलरेषेच्या १० यार्ड मागे असतात आणि किक साधारण ७ यार्ड मागून मारतात. म्हणजे ५५ यार्डांची फील्ड गोल, बॉल लाथेनं गोलपोस्टच्या दांड्यांमधून पाठवायचा. तिचे ३ गुण. मिशिगन स्टेटचे होते २१. करा बेरीज. कॉलेजच्या किकरला ५५ यार्ड जड जातात हे खरं, तेव्हा पडणंच शहाणपणाचं होतं यात वाद नाही. पण "पडला असता तर जिंकलेच होते" हे आपण मागाहून जोडलेलं शेपूट आहे. त्याच्या जागी उभं राहिलं तर "लाथ बसली तर सामना इथेच संपतो" हाही हिशोब अगदीच खुळा नव्हता. तसा हिशोब त्यानं केला असेल असंही मला वाटत नाही म्हणा. तेवढ्या वेळात हिशोब होत नाही, जे अंगात मुरलेलं असतं तेच बाहेर येतं.

आणि त्याच्या अंगात काय मुरलं होतं? ओनील ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळून मोठा झालेला. त्या खेळात बॉलवर झेप घालून तो कवटाळून पडून राहिलात आणि बाहेर काढला नाहीत, तर पंच शिट्टी वाजवून समोरच्याला फ्री किक देतो. कुणी पकडायला आलं की बॉल पायावर घ्या आणि उडवा, हे तिथल्या पोराला शाळेपासून शिकवतात. पुढचं माझं अनुमान आहे, त्यानं असं कुठे सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. पण ती क्लिप परत पाहा. बॉल पडल्यावर तो गोंधळून थांबत नाही, झटक्यात पाय काढतो. ज्या सवयीमुळे ८० यार्डांचा पंट बसला, तीच सवय इथे नडली असं मला वाटतं. लहानपणापासून विटी-दांडू खेळलेल्या माणसाला आयत्या वेळी दांडू टाकून पळ म्हटलं तर पळेल का?

मग चूक कुणाचीच नाही का? आहे की. पण ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्याकडे आधी बघा. तो पंट सुरू होण्याआधी प्रशिक्षकांना विचार करायला वेळ होता. मिशिगन स्टेटनं बॉल झेलायला मागे माणूसच ठेवला नव्हता, सगळे पुढे चालून यायला उभे होते. तरी मिशिगननं नेहमीच्याच मांडणीत पंट केला. बाजूला लांब उभे केलेले दोघे आत आणून भिंत जाड का केली नाही? पंट करायचाच कशाला, २ यार्डांसाठी चौथा प्रयत्न खेळून का नाही पाहिला? क्वार्टरबॅकनं, म्हणजे संघाचा हल्ला चालवणाऱ्या खेळाडूनं, बॉल घेऊन इकडेतिकडे पळत सेकंदं जाळली असती तर? हे प्रश्न मिशिगनचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉं यांना विचारणं मला रास्त वाटतं. त्यांना त्यासाठीच कोट्यवधी डॉलर पगार होता. ओनीलला शिष्यवृत्ती होती आणि त्या काळी कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर एक डॉलर कमवायलाही मनाई होती. स्नॅप खाली टाकणाऱ्याचं नाव तर कुणी घेतही नाही. शेवटचा हात ज्याचा लागला त्याच्या गळ्यात घंटा.

त्या रात्री ओनीलला ट्विटरवर लोकांनी काय काय लिहिलं ते इथे उतरवत नाही. मर, देशात परत जा, इथपर्यंत गेलं होतं. मिशिगनचे तेव्हाचे हंगामी क्रीडा संचालक जिम हॅकेट यांना जाहीर पत्र लिहून लोकांना आवरावं लागलं. ज्यानं सामना जिंकून दिला त्याचंही ऐका: गोलरेषेवर पडताना वॉट्स-जॅक्सनचं खुब्याचं हाड निखळलं आणि मोडलं. त्याच्यावर उड्या मारणाऱ्या सोबत्यांना ते कळलंच नाही. त्याचा तो हंगाम तिथेच संपला. त्यानं तरी गोलपर्यंत धावायचं की नाही हे कुठे "ठरवलं" होतं?

क्रिकेटवाल्यांसाठी एकच उदाहरण देतो. २००७ ची जोहान्सबर्गची टी-ट्वेंटी फायनल, ४ चेंडूंत ६ धावा हव्यात आणि मिसबाहनं जोगिंदर शर्माला मारलेला तो स्कूप. श्रीशांतच्या डोक्यावरून गेला असता तर आज कराचीत त्या फटक्याचे पोस्टर लागले असते. आपण मात्र इतकी वर्षं विचारतोय, "सरळ का नाही मारला?"

आता तुम्ही विचाराल, की मग चर्चाच करायची नाही का? करा, खुशाल करा. पराभवानंतर गप्प बसता येत असतं तर आम्ही पैसे मोजून थंडीत चार तास उभे कशाला राहिलो असतो! मी फक्त आता एक करतो: तोंड उघडण्याआधी मनात घड्याळ लावतो. ज्यानं ते केलं त्याच्याकडे किती वेळ होता? दोन सेकंद असतील तर त्याच्या सरावाबद्दल बोलतो, अकलेबद्दल नाही. चाळीस सेकंद असतील तर मग सोडत नाही.

दोनच आठवड्यांनी, ३१ ऑक्टोबरला, मिशिगनचा पुढचा सामना मिनेसोटाशी होता. ओनीलच पंटर होता. मिशिगन २९-२६ पुढे, मिनेसोटा गोलरेषेपासून अर्ध्या यार्डावर, १९ सेकंद शिल्लक. आणि ते लोक आपली माणसं इकडून तिकडे हलवत बसले! घड्याळ चालू, मांडणी बदलणं चालू. कसाबसा एक पास टाकला, तो वाया गेला, तोवर २ सेकंद उरली. फील्ड गोल मारून बरोबरी करता आली असती, पण त्यांनी जिंकायला म्हणून मुसंडी मारली आणि मिशिगननं ती अडवली. आम्ही खोलीत टीव्हीसमोर नाचत होतो. रूममेट म्हणाला, "किती मूर्ख रे हे, १९ सेकंद होती!"

मी म्हटलं, "१९ होती ना? मग म्हण."