हळदीकुंकवाला तिला बोलवायचं का?

प्रश्न: आम्ही लंडनमधल्या हॅरोला राहतो. जुन्या स्नेह्यांचं मूल मुलगा म्हणून वाढलं, आता चार वर्षं स्त्री म्हणून राहतंय. माझी लेक म्हणते, तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलव आणि आपल्या बायकांच्या पोहण्याच्या तासालाही. पुण्याहून सासूबाई आल्या आहेत. काय करू?

ताई, ही दोन आमंत्रणं एकाच तराजूत घालू नका.

आधी पोहण्याचं. 16 एप्रिल 2025 ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की, 2010 च्या समानता कायद्यात ‘स्त्री’ म्हणजे जन्माने स्त्री. लिंगबदलाचं सरकारी प्रमाणपत्र असलं, तरी तेच. म्हणून खास बायकांच्या तासाला तिला नाही म्हणू शकतात. मात्र भेदभाव आणि छळापासून ट्रान्स व्यक्तींना असलेलं संरक्षण कायम आहे, हेही त्याच निकालात आहे. ऐनवेळी काउंटरवर तिची शोभा होण्यापेक्षा आधीच फोन करून विचारा. आणि लेकीला सांगा, तिथे येणाऱ्या बायकांना मागासलेल्या ठरवू नकोस. कितीजणी आठवड्यात त्या एकाच तासाला पाण्यात उतरतात, तेवढीच त्यांची मोकळीक असते.

हळदीकुंकू तुमच्या घरचं. तिथे कोणाला बोलवायचं हे कायदा सांगत नाही, करंडा तुमच्या हातात आहे. वडील गेले त्या वर्षी माझी आई स्वयंपाकघरात बसून तिळगुळाच्या पुड्या बांधत होती. बाहेर उखाण्यांना हसू फुटलं की तिचा हात थांबायचा. ती बाई नव्हती का? 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला ते स्वयंपाकघर आठवलं. आईला मात्र कोणी बाहेर बोलावलं नव्हतं.

म्हणून मी म्हणेन, बोलवा. पण आधी तिला विचारा, वीस बायकांच्या घोळक्यात यायला तिला आवडेल का? आली तर कुंकू लावा, वाण द्या, इतरांसारखंच. ‘बघा, आम्ही हिलाही बोलावलं’ असं मिरवू नका. कोणी खवचट बोललं, तर यजमानीण म्हणून थांबवायचं काम तुमचं, तिचं नाही.

सासूबाईंना आठवडाभर आधी, दोघीच असताना सांगा. त्यांना पटेल किंवा नाही पटणार, पण दारात अवघडून जायची वेळ ना त्यांच्यावर यावी ना त्या पोरीवर.